दुसरा उंचवटा

चांगुणाचं दुखणं खरं होतं. ते खरं की खोटं हे मात्र कारखान्याचा डॉक्टर ठरवणार होता.

साल चौऱ्याऐंशी. सातपूरच्या कारखान्यात ती सहा वर्षं विजेच्या मोटारींना तांब्याची तार गुंडाळत होती, तीही वार्निशच्या वासात. दिवाळीनंतर तिचा डावा गाल ठणकायला लागला. खाली वाकलं की डोळ्याखाली शिसं ओतल्यासारखं व्हायचं. त्यात पाचवा महिना. पोटात लेकरू असताना एक्स-रे काढायचा नाही म्हणून ती अडून बसली, आणि बरोबरच बसली.

तेव्हाच कारखान्याच्या दवाखान्यात अल्ट्रासाउंडचं नवं यंत्र आलं होतं. गालाला जेली लावायची, पेन्सिलीएवढी कांडी टेकवायची. पडद्यावर हिरवी रेघ. गालाच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये, पाणी साचलेलं असलं तर रेघेवर पुढं दुसरा उंचवटा उठतो. किरण नाहीत, लेकराला धोका नाही.

ते चालवायला वाल्मीक मुंबईला दोन दिवस शिकून आला होता. नाशिक रोडला चांगुणाच्याच गल्लीतला पोरगा. त्याची आई गेल्यावर तीन वर्षं त्याचा डबा चांगुणाच्याच चुलीवर झाला. शिकून आल्यावर जेवणाच्या सुट्टीत त्यानं सरावाचा पहिला हात तिच्याच गालावर बसवला. स्टुलावर बसवलं, मान पुढं झुकवायला लावली. "पाणी पुढं यायला पायजे, ताई. आडवं केलं की ते मागं जातं, पुढं हवा राहते. हवेतून कांडीला काय दिसत नाय." दुसरा उंचवटा उठला तेव्हा तो पोरासारखा हसला होता.

दुसऱ्या दिवशी आजारपणाच्या दाखल्यासाठी खुद्द डॉक्टरांनी तपासलं. पोटुशी बाई, स्टुलावर कशाला अवघडतेस, म्हणून त्यांनी तिला पलंगावर झोपवलं. माया केली म्हणा. रेघ सपाट राहिली. वाल्मीक शेजारी जेलीची बाटली धरून उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं बाटलीचं झाकण लावलं. डॉक्टरांनी लिहिलं: सायनस साफ, तक्रार खोटी.

या दुखण्यापायी घेतलेल्या तिच्या नऊ रजा बिनपरवाना झाल्या. खोटं आजारपण म्हणजे नोकरीवरून काढायचं, हा तिथला नियम. चौकशीला टेबलामागं मॅनेजर, बाजूला डॉक्टर, भिंतीशी वाल्मीक. तिनं मागितलं तरी काय? यंत्र लावा, मला बसवून बघा. डॉक्टर म्हणाले, आता कामगार आम्हाला शिकवणार. मॅनेजरला हसू आलं.

"वाल्मीक," ती म्हणाली, "मला बसवलंस तेव्हा काय दिसलं होतं, ते सांग यांना."

वाल्मीक अजून कायम झाला नव्हता. त्याचा कागद डॉक्टरांच्या सहीसाठी पडून होता, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी काय बसवलं नाय," तो म्हणाला. "साहेबांनी केलं तेच बरोबर."

ताई म्हणाला नाही. गाल ठणकत होता तो ठणकतच राहिला, पण चांगुणाला लागलं ते हे. परक्यानं मारलं तर माणूस ओरडतो तरी.

मॅनेजरनं डॉक्टरांच्या शेऱ्याचा कागद कबुलीच्या सहीसाठी पुढं सरकवला. टेबल बुटकं, तिला खुर्ची दिलेली नव्हती. सही करायला ती वाकली, मान पुढं झुकली, आणि डाव्या नाकपुडीतून पिवळंजर्द, घाण वासाचं पाणी टपटप गळलं. थेट "तक्रार खोटी" या अक्षरांवर. शाई पसरली.

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. तिनं वाल्मीककडं पाहिलं. आता तरी.

वाल्मीक लगबगीनं पुढं आला. खिशातून कापसाचा बोळा काढला, आणि त्यानं कागद पुसला.

चांगुणानं पदरानं नाक पुसलं. पेन टेबलावर ठेवलं. सही केली नाही. दारापर्यंत गेली आणि मागं न बघता म्हणाली, "पुसून घे नीट, वाल्मीक. तुझा कायम व्हायचा कागद पण सहीला त्याच टेबलावर येणार हाय."