सत्यभामाबाईंच्या खानावळीतलं वांगं

हिंगोलीचा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, पाट्या लागल्या, साहेबांच्या गाड्या फिरायला लागल्या. फक्त बाहेरून आलेल्या या साहेबलोकांनी जेवायचं कुठं, याची तजवीज करायला सगळे विसरले. बदलून आलेला अधिकारी एखादा आठवडा स्टँडसमोरची तेलकट शेवभाजी खायचा आणि मग पोट धरून रजेचा अर्ज लिहायचा. अशा वेळी कुणीतरी त्याला सांगायचं, "परमेश्वरला विचारा."

परमेश्वर पुसेगावचा. एका कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसायचा. खात्याच्या परीक्षेत आपटलेला, बढतीची आशा सोडलेला. साहेबानं नावानं हाक मारावी असं त्याच्यापाशी काही नव्हतं. पण खाण्याची जागा हुडकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोठ्या पाटीच्या हॉटेलात तो पायसुद्धा ठेवायचा नाही. कोणत्या गल्लीत कोणती बाई घरून डबे देते, कोणत्या चाचांकडे शुक्रवारी दालचा शिजतो, बाजाराच्या दिवशी कोणत्या पालात भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते, सगळं त्याला तोंडपाठ. आत शिरण्याआधी तो बाहेर उभा राहून ट्रकवाले काय बोलतात ते ऐकायचा. रोजचं गिऱ्हाईक नुसतं येऊन बसलं आणि न मागता ताट आलं, की जागा पक्की. गड्याचा सगळा मान या एका गोष्टीवर उभा होता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

नवे साहेब नरसिंगराव खाण्याचे भारी शौकीन निघाले. परमेश्वरनं त्यांना जागा दाखवाव्यात, त्यांनी बोटं चाटावीत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीत त्याचं कौतुक करावं, असं सुरू झालं. हेडक्लार्क त्याला चहा पाजू लागला. परमेश्वर जरा ताठ चालू लागला. इथवर ठीक होतं.

एक दिवस साहेबांनी विचारलं, "कळमनुरी रोडला कुणा सत्यभामाबाईंची खानावळ आहे म्हणे. फार नाव ऐकलं. गेलायस का?"

परमेश्वरनं नाव ऐकलं होतं. धनगराची बाई, रोडच्या कडेला पत्र्याचं शेड, चुलीवरचा स्वयंपाक, एवढंच. जायचं राहून गेलं होतं. 'नाही' म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण एकदा जाणकार म्हणून मिरवायची सवय लागली की जीभ 'नाही' म्हणायला तयार होत नाही.

"मी? अहो साहेब, मी तर नेहमीचा. बाई स्वतः वाढतात मला."

"मग रविवारी जाऊ."

रविवारी साहेबांनी स्वतः जीप काढली. खानावळ सापडायला वेळ लागला नाही. पत्र्याच्या शेडपुढं मांडव घातलेला, बाहेर सायकली, मोटारसायकली, एक ट्रॅक्टर. आत माणसांच्या पंगती बसलेल्या.

"बघा साहेब," परमेश्वर म्हणाला, "हिंगोलीत कुठं दिसते का एवढी गर्दी?"

ते आत गेले. कुणी अडवलं नाही, कोण कुठले विचारलं नाही. एका म्हाताऱ्यानं हातानंच बसायची खूण केली. पुढ्यात पत्रावळ आली. वरण, भात, पोळी, बटाट्याची भाजी आणि बुंदी.

साहेबांनी हळूच विचारलं, "वाढणारी दोन्ही पोरं टकली कशी रे?"

"तिरुपतीहून आली असतील," परमेश्वरनं बेधडक सांगून टाकलं. आपल्याकडं बालाजीला जाणारे काय कमी आहेत?

पण वरण तोंडात गेलं आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यागत झालं. मिळमिळीत. ज्या जेवणासाठी एवढी वाट तुडवली त्याचा पत्ताच नव्हता. साहेब भाताशी चाळा करत होते. परमेश्वरला राहवेना. तोच म्हातारा बुंदीची बादली घेऊन आला, तसा तो आवाज चढवून म्हणाला, "बाबा, हे काय पाहुण्यांपुढं ठेवलं? आत जाऊन सत्यभामाबाईंना सांगा, हिंगोलीचा परमेश्वर आलाय. भाकरी-ठेचा पाठवा म्हणावं."

म्हातारा बादली धरून उभाच राहिला. शेजारच्या माणसाचा घास हातात थांबला.

"ती गेली, साहेब," म्हातारा म्हणाला. "मी रखमाजी, तिचा मालक. आज तेरवी हाय तिची."

परमेश्वरच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तेव्हाच उठून पाया पडला असता, 'चुकलो' म्हणाला असता, तर सगळं तिथंच मिटलं असतं. मांडवात आलेल्या वाटसरूला उठवायची त्या भागात रीतच नाही. पण साहेब त्याच्याकडं बघत होते. आणि शरमेपेक्षा ती नजर त्याला जड झाली.

"अरे देवा," तो म्हणाला. "मला कुणी कळवलं कसं नाही?"

रखमाजी बादली ठेवून त्याच्यापुढं बसला. "माफी करा. मी शेरडामागं रानात ऱ्हायचो. तिच्या गिऱ्हाइकांची मला वळख न्हाई. तुमी लांबून आलात, लई बरं वाटलं." मग त्यानं शेडाकडं तोंड करून हाक मारली, "सीमा, इकडं ये. आईच्या हातचं जेवलेले साहेब आलेत."

शिरड शहापूरला दिलेली त्यांची लेक कडेवर लेकरू घेऊन बाहेर आली. रडून रडून डोळे सुजलेले. ती बापाशेजारी बसली आणि आईचं काहीतरी नवं ऐकायला मिळणार म्हणून परमेश्वरच्या तोंडाकडं बघू लागली.

"आईच्या हातचं काय आवडायचं तुमाला?"

आता काय सांगावं? मराठवाड्यात चूल पेटली की वांगं शिजणारच, असा परमेश्वरचा पक्का हिशोब.

"भरलेलं वांगं," तो म्हणाला. "तसं वांगं मी दुसरीकडं खाल्लं नाही."

रखमाजीनं मान खाली घातली.

"आई काशीला गेली तवा वांगं सोडून आली," सीमा सावकाश म्हणाली. "तिच्या लई आवडीचं होतं, म्हणून तेच सोडलं. मंग घरात आणू द्यायची न्हाई. खानावळीतबी न्हाई. हे लेकरू पोटात होतं तवा मला डोहाळे लागले वांग्याचे. रडले मी तिच्यापाशी. तरीबी म्हणली, सोडलेलं हाय, माझ्या चुलीवर चढायचं न्हाई." तिनं मांडीवरचं लेकरू सावरलं. "अन् तुमाला करून घातलं?"

"गिऱ्हाईक होतं, बाई," रखमाजी पुटपुटला. "न्हाई म्हणवलं नसंल तिला."

"अन् मला म्हणवलं?"

ती उठून आत गेली. रखमाजीनं परमेश्वरच्या पत्रावळीवर बुंदी वाढली, कारण पाहुण्याचं पान रिकामं दिसत होतं.

परत येताना साहेब म्हणाले, "काही म्हण, परमेश्वर. बाईंनी काशीचा नेम मोडून तुला वांगं खाऊ घातलं. तू साधा माणूस नाहीस बुवा. उद्या सांगतो सगळ्यांना."

ज्याच्यासाठी एवढी धडपड केली ते मिळालं होतं. नाव शाबूत होतं, उलट वाढलंच होतं. परमेश्वरला मात्र स्वतःची किळस आली. पोटच्या पोरीच्या मनातली आई त्यानं एका तोंडी लावण्यापायी बिघडवून टाकली होती. आणि ती बाई आता सांगायला येणार नव्हती की हा माणूस खोटारडा आहे. सांगणारा एकटा तोच उरला होता.

"साहेब, गाडी वळवा."

"काही विसरलं का?"

"मी तिथं कधीच जेवलो नव्हतो, साहेब. त्या बाईंना मी पाहिलंसुद्धा नाही."

साहेबांनी ब्रेक दाबला. त्यांनी त्याच्याकडं एकदा पाहिलं. परमेश्वरनं मान वर केली नाही. मग त्यांनी जीप वळवली.

मांडवात आता घरच्यांची शेवटची पंगत बसत होती. परमेश्वर चपला बाहेर काढून आत गेला. सीमा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिच्यासमोर, रखमाजीसमोर, वाढणाऱ्या तिच्या टकल्या भावांसमोर आणि पाठीमागं येऊन थांबलेल्या साहेबांसमोर त्यानं हात जोडले.

"ताई, तुमच्या आईनं मला वांगं घातलं नाही. काहीच घातलं नाही. मी इथं आज पहिल्यांदा आलो. साहेबांपुढं शेखी मिरवायला खोटं बोललो."

सीमानं तांब्या खाली ठेवला. तिच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं, पण चेहरा सैल झाला होता. ती परमेश्वरकडं न बघता बापाला म्हणाली, "बाबा, तिनं न्हाई मोडला नेम. मला न्हाई ते कुणालाच न्हाई."

"व्हय," रखमाजी म्हणाला. त्याचा हात तिच्या पाठीवर होता.

एका भावानं परमेश्वरला मारायच्या आविर्भावात पाऊल उचललं. रखमाजीनं त्याला डोळ्यांनी थांबवलं. मग तो परमेश्वरकडं वळला. त्याच्या नजरेत राग असता तर परमेश्वरला सोपं गेलं असतं.

"मघाशी तिच्या वळखीचे म्हणून जेवलात," रखमाजी म्हणाला. "ते काही खरं न्हाई. आता बसा. वाटसरू म्हणून दोन घास खा, अन् मंग जा."

पोटात जागा नव्हती. तरी परमेश्वर बसला. साहेबही त्याच्या शेजारी बसले. सीमानं त्याच्यापुढं पत्रावळ मांडली, वरण-भात वाढला, वरून तुपाची धार सोडली आणि पुढं गेली. परमेश्वरनं भात कालवला. घास काही केल्या उतरत नव्हता, पण त्या मांडवातून पानावर अन्न टाकून उठायची त्याची हिंमत झाली नाही.