उदारामची झोप

उदारामच्या डोक्यात हे खूळ शिरलं ते तळ्याच्या गाळातून. उन्हाळ्यात तळं आटलं, गावानं गाळ उपसायला घेतला आणि त्याच्या कुदळीखाली वाळल्या चिखलाचं एक ढेकूळ फुटलं. आत बेडूक. डोळे मिटलेला, मेल्यासारखा. त्यावर ओंजळभर पाणी टाकलं तर बेट्यानं टुणकन उडी मारली. झालं! "बेडूक जमिनीत झोपते, मासोळी झोपते, मंग मानूस काऊन नाही झोपत?" असं तो भेटेल त्याला विचारत सुटला. कुणाला उत्तर येईना. समोरच्याला उत्तर येत नाही म्हणजे आपलंच खरं, असं मानणाऱ्यांतला उदाराम होता.

"मानसाले भूक लागते," बायको शामकला म्हणाली. तर हा गडी धान साठवायच्या रिकाम्या ढोलीत उपाशी पडून राहिला आणि दुसऱ्या दिवशी हसत बाहेर आला. त्याचा थोरला भाऊ केशोराव तेवढ्यानं हुरळला. महाशिवरात्रीला प्रतापगडाची जत्रा भरते, आणि गोंदियाहून छोटी आगगाडी सुरू झाल्यापासून तिथे माणसांचा लोंढा येत होता. त्या लोंढ्यासमोर भावाला जमिनीतून जिवंत काढायचं, असं केशोरावानं ठरवलं आणि गावोगाव सांगूनही टाकलं.

माघात बरड जमीन दगडासारखी टणक असते. म्हणून खड्डा तळ्याच्या पाळीखालच्या बांधीत, धानाच्या खाचरात, खणला, तिथे कुदळ लोण्यात गेल्यासारखी जात होती. माती मऊ का, हे जन्मभर धान पिकवलेल्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही. मऊ माती म्हणजे चांगली माती, एवढंच सगळ्यांना ठाऊक. शामकला म्हणाली, हवेला एक पोकळ बांबू तरी ठेवा. "बेडकाले कोन बांबू देते?" म्हणत उदाराम आत उतरला. "मधातच कोनी उठवलं तं मी मरन. झोप मोडू नका," असं त्यानं बजावलं. मग वर फळ्या, फळ्यांवर माती, मातीवर शेणाचं सारवण झालं. बाजूला पाहुण्यांसाठी मांडव पडला; खड्डा शिवरात्रीलाच उघडायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शामकला खड्ड्याजवळ बसली होती. सारवण वाळून पांढुरकं झालं होतं, पण एक कड काळपट दिसली. तिनं हात लावला. हात ओला झाला. तिनं मान वर करून पाहिलं. वरच्या बांधीत शेजारच्या हिरालालच्या उसाला पाणी चालू होतं. तळ्याचं पाणी सोडायचं दार, तुडुम, उघडं होतं; आज पाण्याची पाळी हिरालालची होती. मधला बांध धडधाकट दिसत होता, पण आतून खेकड्यांनी पोखरलेला. पाणी वरून अडतं आणि बिळांतून खाली उतरतं, हे तिला माहेरी बांध लिंपता लिंपता कळलं होतं.

केशोराव पलीकडेच मांडवात पाहुण्यांत बसला होता. पण तो भासरा, म्हणजे थोरला दीर. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, शामकला त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं पदर पुढे ओढला आणि जावेला, सुमित्राबाईला, म्हटलं, "बाई, त्याइले सांगा, खड्ड्यात पानी चाल्लं."

सुमित्राबाईनं सांगितलं. केशोरावाला आधीच ऐकू आलं होतं, तरी रीत ती रीत. "सांग तिले," तो म्हणाला, "ओल येते तं येऊ दे. मधात उघडलं तं मरन, हे त्यानंच सांगतलं ना?"

"मंग तुडुम तरी बंद कराले सांगा."

हिरालाल धावला, तुडुम बंद झालं. पण बांधीत भरलेलं पाणी कुठं जाणार? काळी कड पसरतच राहिली. उघडावं तर आपल्या हातानं नवऱ्याला मारलं, न उघडावं तर बसून मारलं. शामकलाला रडू फुटेना. तिनं जमिनीला कान लावला. काही ऐकू येईना. इतक्यात तिच्या गुडघ्याखालची माती किंचित खचली.

ती उठली. डोक्यावरचा पदर कुठं गेला तिला कळलं नाही. सरळ केशोरावाच्या तोंडाकडे पाहून ती ओरडली, "तुमचा भाऊ आहे का बेडूक आहे? कुदळ आना!"

ती हातांनीच माती उपसू लागली. तेव्हा कुदळ घेऊन हिरालाल आला, मग आणखी दोघं आले. फळ्या निघाल्या. उदाराम कोपऱ्यात कंबरभर चिखलात उभा होता, ओठ निळे, डोळे उघडे. त्याला वर ओढून काढला.

"झोपला होतास ना गा?" केशोरावानं पाहुण्यांकडे बघत विचारलं.

उदारामनं भावाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. त्याचा आवाज पार बसला होता. "झोपलोच होतो," तो म्हणाला. "इनं उठवलं."

गर्दी शामकलाकडे वळली. कुणी चुकचुकलं, कुणी नाव ठेवलं. ती संतापली. बरंच काही बोलायचं तिच्या ओठांवर आलं. बोलण्याआधी तिनं त्याच्या हातांवरचा चिखल पुसायला घेतला आणि थांबली. नखं मुळापासून तुटली होती. बोटांत फळ्यांची कुसळं घुसली होती. काही जखमा आजच्या नव्हत्या, त्यांनी कालच खपली धरली होती. आणि ती काल दिवसभर वर बसून, त्याची झोप मोडू नये म्हणून, येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करत होती.

तिनं त्याचे दोन्ही हात आपल्या पदरात गुंडाळले, कुणाला दिसू नयेत असे.

"हो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "गाढ झोपले होते. मीच उठवलं."