दोन खोट्या फुल्या

जरा डोळे मिटा बघू. एक खोली समोर आणा. खिडकीशी पलंग आहे, पलंगावर पाच वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या अंगावर गुलाबी औषधाचे वाळलेले डाग. भिंतीवर मोठा कागद टांगलाय. कागदावर त्याच मुलाची दोन चित्रं, एक पुढून, एक पाठून, आणि दोन्हींवर पेन्सिलीच्या खुणाच खुणा. आता दाराकडे बघा. तिथे नऊ वर्षांची मुलगी उभी आहे. अंगाने इतकी बारीक की घरात तिला काडी म्हणतात. ती भावाकडे बघत नाहीये. ती कागदाकडे बघतेय, आणि तिचा नुसता जळफळाट होतोय.

कागद बाबांनी केला होता. बाबांचं कामच नकाशे काढायचं. गोटूला कांजिण्या आल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "आधी ताप, मग लाल पुरळ, मग पाण्याच्या थेंबासारखे फोड, आणि शेवटी खपली. पण सगळे फोड एकदम येत नाहीत, रोज नवी खेप येते. म्हणून लाल ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली एकाच अंगावर शेजारी शेजारी दिसतात. ओळखायची खूण तीच. शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत हा दुसऱ्याला आजार देऊ शकतो."

बाबांना एवढंच पुरलं. लाल पुरळ दिसला तिथे ठिपका, पाणी भरलं की गोल, खपली धरली की गोलात फुली. आणि नियम असा, की फुली पडलेला फोड पुन्हा तपासायचा नाही. "पोराला उगाच उलटंपालटं कशाला करायचं?" बाबा म्हणायचे.

काडीला कांजिण्या दोन वर्षांची असतानाच येऊन गेल्या होत्या, म्हणून तिला गोटूजवळ बसायला बंदी नव्हती.

"मग माझा नकाशा कुठेय?" तिने विचारलं.

"तेव्हा मी बाहेरगावी कामावर होतो गं."

"आईने काढायचा होता!"

"मला शिवणीशिवाय सरळ रेघ येत नाही," आई मशीनवरून म्हणाली.

त्या मशीनवर काडीचा फ्रॉक अर्धा शिवून पडला होता. तो बाजूला सारून आई गोटूसाठी सैल सुती सदरे शिवत होती. खाजवून जखमा होऊ नयेत म्हणून त्याची नखं तीच कापायची, कोमट पाण्याने तीच अंघोळ घालायची. संध्याकाळी बाबा कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी विचारायचे, "आज किती गोल?" काडीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले होते. तो पेपर दोन दिवस टेबलावर पालथा पडला होता.

आणि मावशी! मावशी काडीची होती, एकटीची. दोन गल्ल्या पलीकडे चष्म्याच्या दुकानात कामाला. दुकान बंद झालं की घरी यायची, काडीच्या नाकावर जुनी भिंगं ठेवायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. आता मावशीला सातवा महिना होता. तिला कांजिण्या कधीच आल्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं, "त्यांना पायरीसुद्धा चढू देऊ नका. एका खोलीतल्या हवेतूनही लागण होते. आत्ता झाल्या तर त्यांनाही जड जाईल, बाळालाही."

म्हणून मावशी रोज खाली रस्त्यावर उभी राहायची. "नकाशावर सगळ्या फुल्या झाल्या की मी वर!" ती ओरडायची.

आठव्या दिवशी दोनच गोल उरले, दोन्ही गोटूच्या केसांत, उजव्या कानामागे. संध्याकाळी मावशी खाली आली. आल्या आल्या म्हणाली, "गोटू कसाय?" मग पिशवीतून अंगठ्याएवढे मोजे काढून दाखवले. "बघ काडे, बाळाचे!"

"छान आहेत," काडी म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली.

आधी गोटू, मग मोजे. तिच्यासाठी कुणाकडे काही शिल्लकच नव्हतं. पण सगळ्या फुल्या झाल्या तर? कागद उतरेल, मावशी वर येईल, तिच्याजवळ बसेल. गोटू झोपला होता. काडीने पेन्सिल उचलली आणि त्या दोन गोलांत दोन फुल्या मारल्या.

बाबांना वाटलं, आईने बघून मारल्या. आईला वाटलं, बाबांनी. बाबांनी लगेच मावशीला फोन लावला, "सकाळी वर ये. आटपलं सगळं!"

सकाळी बाबा अंघोळीला गेले, आई दूध तापवत होती. गोटू म्हणाला, "ताई, केस विंचर ना. मावशी येणारे."

कंगवा कानामागे गेला तसा गोटू कळवळला. काडीने केस बाजूला केले. एक फोड फुटून ओला झाला होता. दुसरा तसाच टच्च भरलेला, पाण्याच्या थेंबासारखा.

"दुखलं?" तिने विचारलं.

"थोडंसं. मावशीला सांगू नको, हां. नाहीतर ती परत जाईल."

तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. चार पायऱ्या, थांबणं, मोठा श्वास, पुन्हा चार पायऱ्या.

"काडे!" खालून हाक आली. "दार उघड गं. आज मी तुझ्याकडे आलेय, गोटूकडे नाही. नवी भिंगं आणलीत!"

काडी कंगवा हातात घेऊनच दाराशी धावली. आठ दिवस तिला हेच ऐकायचं होतं. दार उघडायला फक्त कडी सरकवायची होती. कंगव्याच्या दातावर पाणी चमकत होतं.

काडीने कडी सरकवली नाही. दाराला तोंड लावून ती जीव खाऊन ओरडली, "मावशी, वर येऊ नकोस! फुल्या खोट्या आहेत! मी मारल्यात!"

चपला थांबल्या. आई दुधाची पळी हातात घेऊन बाहेर आली. बाबा ओल्या केसांनी.

"काय म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"दोन अजून ओले आहेत. मीच मारल्या." तिचा आवाज फाटला. "मला पण कुणीतरी विचारावं म्हणून."

जिन्यातून मावशी म्हणाली, "बरं, मी उतरते हां. डॉक्टरीणबाईंनाही विचारून घेते." पुन्हा चार पायऱ्या, थांबणं, श्वास, या वेळी खाली जाणाऱ्या.

काडीने साबणाने हात धुतले. मग भिंतीवरचा कागद काढला, खोडरबर घेतला आणि दोन्ही फुल्या पुसल्या. गोल तेवढे ठेवले, पेन्सिलीने गिरवून ठळक केले. तो कागद तिने उघड्या खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून धरला, खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या मावशीला वाचता येईल असा, आणि त्या दोन गोलांवर बोट ठेवून उभी राहिली.