लाल ट्रॅक्टरची हार

"पाणी बंद कर," निदिया म्हणाली.

नेल्सोने वर पाहिलं. निळ्या ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाकं भरून झाली होती आणि पाइप ओढत तो आता लालकडे वळला होता. नवा ट्रॅक्टर कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या टायरांत नुसती हवा असते. मागचे टायर पाऊण भरतील इतकं पाणी आत सोडलं की मग कुठे तो जमीन धरतो. सान्ता ओदिलात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"लालचं राहिलंय ना बाई अजून."

"राहू दे. त्यात हवाच असू दे."

नेल्सोच्या हातातला पाइप त्याच्या बुटांवर गळत राहिला. मिसरूड फुटायच्या आधी तो गार्नेरोंच्या वर्कशॉपात आला होता, आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बाईंचा स्वभाव तो ओळखून होता. तरी त्याने विचारलं, "उद्या साखळीखेच आहे. कोरड्या चाकांवर हा जागच्या जागी गरगरेल. सगळं गाव हसेल."

"हसू दे की. मी ओर्तूसारच्या तोंडाकडे बघत बसणार आहे."

"चालवणार मी आहे, बाई."

"म्हणून तर. तू चालवलास तर कोणी शंका घेणार नाही."

नेल्सोने नळ बंद केला. पाइपची गुंडाळी करून खिळ्याला अडकवली आणि सायकल काढून घरी गेला.

ओर्तूसार हा लुसेरो ट्रॅक्टर कंपनीचा माणूस. राजधानीत राहायचा, मऊ बूट घालायचा आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. निदियाचा नवरा एल्व्हिओ गार्नेरो याने उभं आयुष्य लाल लुसेरो विकला. दुकान कसलं, पत्र्याची मोठी शेड. दारात दोन बाकडी, बाकड्यांवर माते, म्हणजे पाल्याचा कडवट चहा, नळीने पीत बसलेले शेतकरी. ओर्तूसारने फर्मावलं की दुकानाला काच हवी, फरशी हवी, दिवे हवेत. एल्व्हिओ म्हणाला, "साहेब, चिखलाच्या बुटांनी माणूस तुमच्या फरशीवर पाय ठेवेल का? तो दारातूनच परत जाईल." उत्तर खरं होतं, पण साहेबांना खऱ्या उत्तराची सवय नव्हती. लुसेरो विकायचा हक्क शहरातल्या काचवाल्या दुकानदारांना गेला.

गेला तर गेला. धंद्यात असं होतं, आणि निदिया काही दुधखुळी नव्हती. पण गेला कसा, हे तिच्या डोक्यातून जाईना. दुपारच्या जेवणानंतर सारं गाव झोपतं. त्या वेळी कोणी दार वाजवत नाही, फोन करत नाही, वैरीसुद्धा भांडायला येत नाही. ओर्तूसारची माणसं नेमकी तेव्हा शिडी घेऊन आली. ड्रिलच्या आवाजाने एल्व्हिओ जागा झाला आणि बनियनवर, अनवाणी बाहेर धावला. दारावरचा लाल फलक उतरवत होते. शिडी हलत होती म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. आपलाच फलक उतरवणारे पडू नयेत म्हणून! ओर्तूसार मोटारीत बसून होता. काचही खाली केली नाही त्याने.

एल्व्हिओ त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. पुढल्याच्या पुढल्या हिवाळ्यात छाती धरून गेला. डॉक्टरांनी काय लिहायचं ते लिहिलं. निदियाने आपलं निदान केव्हाच केलं होतं.

त्यानंतर तिने नेल्सोच्या जोरावर शेड चालू ठेवली. दुरुस्ती करायची, पट्टे, फिल्टर आणि तेल विकायचं. आणि यंदा दैवाने कूस बदलली. शहरातल्या काचवाल्यांचं दिवाळं वाजलं. लुसेरोला या भागात दुकान उरलं नाही आणि गावागावांत लाल ट्रॅक्टर सुट्या भागांवाचून अडून बसले. त्याच सुमारास ब्राझीलच्या मिनुआनो कंपनीनेही, त्या निळ्या ट्रॅक्टरवाल्यांनी, आमचा माल विकाल का म्हणून निदियाला विचारलं. मग ओर्तूसारचा फोन आला. आवाजात नुसता मध.

"गार्नेरोबाई, झालं गेलं विसरून जाऊ या. तुमचं दुकान म्हणजे लुसेरोचं माहेर."

"माहेरच्यांनाच हाकलून देतात होय हो तुमच्याकडे?" निदिया म्हणाली. ओर्तूसार खो खो हसला. अशा माणसांना टोमणा लागत नाही, विनोद वाटतो.

तिने सरळ नकार द्यायला हवा होता. पण फोनवरचा नकार ऐकायला गाव नसतं. इतकी वर्षं दातओठ खाल्ले ते काय फोन ठेवून देण्यासाठी? तिने जाहीर केलं: शेतकऱ्यांच्या संताच्या, संत इसिद्रोच्या दिवशी क्लबच्या मैदानावर लाल आणि निळा पाठीला पाठ लावून साखळीने बांधायचे. जो ओढेल त्याचा फलक माझ्या दारावर. कोणता ट्रॅक्टर सरस, हा वाद या गावात असाच मिटवतात, आणि निकाल लागल्यावर पुन्हा तोंड उघडायची कोणाची छाती होत नाही. दोन्ही कंपन्या कबूल झाल्या. ओर्तूसार तर आनंदाने कबूल झाला. लाल हरणार नाही, हे त्यालाही माहीत होतं.

संत इसिद्रोच्या सकाळी पाद्रीबाबांनी चर्चपुढून जाणाऱ्या ट्रॅक्टरांवर पवित्र पाणी शिंपडलं. नंतर मैदानात मांस भाजायला लागलं आणि धुरात सगळं गाव गोळा झालं. निदियाने मोठ्या सणाचा काळा स्कर्ट घातला होता. ओर्तूसार आला, केस विरळ झालेले, बूट तसेच मऊ. तिने त्याला आपल्या हाताने माते करून दिला, पण पानं सकाळपासूनची, चव पार धुऊन गेलेली. शत्रूला असाच माते देतात. ओर्तूसारने नळीने घोट घेतला, चेहरा न बदलता संपवला आणि म्हणाला, "वा! अगदी घरच्यासारखा."

"घरी असाच मिळतो का तुम्हाला? अरेरे."

शेजारचे दोघे तोंड फिरवून हसले. ओर्तूसारने नेल्सोला हाक मारली. "काय रे, चाकांत पाणी भरलंस ना?"

नेल्सोने लाल ट्रॅक्टरवर चढता चढता मान वळवली. निदियाने मातेचं रिकामं भांडं उगाच पुसायला घेतलं.

"तयार आहे, साहेब," नेल्सो म्हणाला. त्याने कुणाकडेही पाहिलं नाही.

साखळी ताणली गेली. निळ्यावर कंपनीचाच माणूस होता. पंचाने रुमाल खाली केला आणि दोन्ही यंत्रं एकदम डरकाळली. क्षणभर दोघांतलं कोणीच हलेना. मग लालची मागची चाकं गरगरली. धूळ उडाली, माती उकरली गेली, आणि लाल लुसेरो उलट्या पावली सरकू लागला. ट्रॅक्टर नव्हे, दावं लावलेलं वासरूच जणू. नेल्सोने आणखी जोर लावला तशी चाकं आणखी फिरली. निळ्याने त्याला फरफटत पांढऱ्या रेघेपार नेलं आणि वर अजून थोडं पुढे नेलं, हौसेखातर.

तरण्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "ए लाल, घरी जा, आई बोलावतेय!" कोणीतरी ओरडलं.

निदिया ओर्तूसारकडे बघत होती. त्याचं तोंड आधी पांढरं पडलं, मग लाल झालं, मग कसनुसं हसू लागलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो क्षण खरोखर गोड होता, आणि निदियाने तो जिभेवर घोळवून घोळवून चाखला. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, एल्व्हिओ, बघितलंस का रे?

"निळ्याचा फलक लागेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "साहेब, तुम्हाला परतीचा रस्ता माहीत आहेच. दुपार व्हायच्या आत निघा. आमच्याकडे दुपारी माणसं झोपतात."

तेवढ्यात निदियाच्या लक्षात आलं की हसताहेत ती फक्त पोरं. म्हातारे कोणी हसत नव्हते. कुंपणाला टेकून उभे होते, टोप्या हातात, मयताला आल्यासारखे. त्या सगळ्यांच्या शेतांत लाल ट्रॅक्टर होते, आणि ते सगळे एल्व्हिओने विकलेले होते.

त्यांतला सेव्हेरिनो पाउतास्सो काठी टेकत तिच्यापाशी आला. ऐंशीच्या घरातला, एल्व्हिओचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक.

"असा पाय सोडतो होय लाल," तो म्हणाला.

"नवीन माल आहे हा, काका. जुन्यासारखा नाही."

"यंत्र तेच आहे, पोरी. मला दिसतं अजून." सेव्हेरिनोने धुळीत उमटलेल्या खड्ड्यांकडे काठी रोखली. "एल्व्हिओ माझ्या आवारात उभा राहून म्हणाला होता, सेव्हेरिनो, घे. हा कधी जमीन सोडायचा नाही, मी शब्द देतो. माझा भाऊ म्हणत होता, दुसरा घेऊ, लाल नको. मी म्हटलं, एल्व्हिओ गार्नेरो खोटं बोलत नाही. त्यावरून आमची तोंडं फिरली. शेत वाटलं, विहीर वाटली. मयताला गेलो त्याच्या, तर वहिनीने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही."

"काका, ते..."

"तुझ्यावर राग नाही माझा. विकणारा विकण्यापुरतं बोलतोच. पण मला वाटायचं, एल्व्हिओ तेवढा निराळा." त्याने खांदे उडवले. "माझीच अक्कल. उगाच भाऊ घालवला."

तो वळला. मागचे म्हातारेही हळूहळू टोप्या घालू लागले. बाण मारला ओर्तूसारला आणि लागला एल्व्हिओला. ओर्तूसारचं काय, उद्या राजधानीत दुसरा कागद पुढे ओढेल. एल्व्हिओकडे मात्र त्या एका शब्दाशिवाय काहीच नव्हतं, आणि तो तिने भर मैदानात खोटा पाडला होता.

गप्प बसली असती तरी चाललं असतं. कोणाला कळणार होतं? नेल्सोने मरेपर्यंत तोंड उघडलं नसतं. तो अजून लाल ट्रॅक्टरवरच बसला होता, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. खाली उतरायचं सोडून तो आपल्या नखांकडे बघत होता. निदियाने त्याचा तो चेहरा पाहिला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

"सेव्हेरिनो काका!" ती ओरडली. "थांबा. सगळेच थांबा."

ती लाल ट्रॅक्टरपाशी गेली. "नेल्सो, व्हॉल्व्ह खाली येईपर्यंत पुढे घे."

नेल्सोने तिच्याकडे पाहिलं. मग इंजिन सुरू केलं आणि ट्रॅक्टर हातभर पुढे घेतला. मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह फिरत फिरत जमिनीजवळ आला. निदियाने हात पुढे केला, नेल्सोने खिशातली छोटी चावी तिच्या तळहातावर ठेवली. काळा स्कर्ट आवरत ती धुळीत गुडघ्यांवर बसली आणि व्हॉल्व्ह उघडला.

नुसती हवा. फुस्स आवाज करत बाहेर येणारी हवा, आणि तिच्यापुढे उडणारी कोरडी माती. पाण्याचा थेंब नाही. शेतकऱ्यांच्या त्या गर्दीत कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"निळ्यात पाणी आहे," निदिया म्हणाली. "यात मी भरू दिलं नाही. नेल्सोला मी सांगितलं होतं. त्याचा दोष नाही."

कुणी बाई म्हणाली, "अगं निदिया! संताच्या दिवशी?" निळ्या कंपनीच्या माणसाने हातातला काटा थाळीत ठेवला आणि मोटारीकडे चालू लागला. ओर्तूसार पुढे आला. त्याच्या खांद्यांत पुन्हा ताठा आला होता.

"हे मी कंपनीला कळवणार आहे, बाई. फसवणूक आहे ही."

"कळवा ना," निदिया जमिनीवरूनच म्हणाली. "सगळं कळवा. दुपारच्या झोपेत शिडी लावलीत तेही कळवा. माझ्या नवऱ्याने ती धरली तेही. ठरल्याप्रमाणे फलक कोणाचा लागायला हवा होता हे गावाने आता पाहिलंय. कंपनीने द्यावा नाहीतर न द्यावा. दिलाच तर आणायला दुसरा माणूस पाठवा. तुम्ही आलात तर कुत्रं सोडीन."

"तुमची अवस्था बघा, आणि वर तोंड करून..."

"माझी अवस्था मला दिसतेय. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, एवढंच तुम्ही बघा."

ओर्तूसार काहीतरी पुटपुटत निघाला. त्याला कोणी वाटेत थांबवलं नाही आणि निरोपही दिला नाही. निदियाला कळत होतं की उद्यापासून तिच्या दारातली बाकडी रिकामी राहतील, आणि पाण्याचा विषय निघाला की लोक तिच्यासमोर तो बदलतील. जो उठेल तो तिने विकलेल्या फिल्टरचं खोकं उघडून बघेल.

सेव्हेरिनो परत आला. काठीच्या आधाराने तो कसाबसा वाकला आणि आपला सुरकुतलेला तळहात त्याने व्हॉल्व्हच्या तोंडाशी धरला. बराच वेळ धरला. मग हात उताणा करून बोटांना बोटं चोळून पाहिली.

"कोरडा आहे," तो म्हणाला. नेल्सोला म्हणाला, निदियाला नाही. "पाणी भर रे यात. चांगलं यंत्र असं ठेवू नये."

"भरतो, काका."

म्हाताऱ्याने टोपी घातली आणि तो इतर म्हाताऱ्यांकडे गेला. ते त्याच्याभोवती जमले आणि काही बोलू लागले. त्यांच्या बोलण्यातलं फक्त एल्व्हिओचं नाव निदियाला ऐकू आलं. ती अजून गुडघ्यांवरच होती. हवा सुटत चालली होती आणि तो एवढा थोरला लाल ट्रॅक्टर हळूहळू तिच्या बाजूला कलत होता.