बारा फूट तार

पिशवीत मेणबत्त्या आहेत हे मला माहीत होतं, इथूनच सगळं बिघडलं. आमच्या गास गावात त्या काळी वीज म्हणजे पाहुणी, तिला वाटेल तेव्हा यायची नि वाटेल तेव्हा जायची. अशा घरात दारामागच्या खिळ्याला मेणबत्त्या, काड्यापेट्या, टॉर्च भरलेली पिशवी टांगून ठेवायची आणि बायकोला बजावायचं, "क्लेमी, हिला हात लावायचा नाही." सांगा, कुठल्या बाईला जमेल?

हे बजावणारे म्हणजे माझे यजमान, प्लासिड. मुंबईत एका विम्याच्या कचेरीत कारकून, पण जीव सगळा बिनतारी संदेशात. परीक्षा देऊन त्यांनी सरकारचा हॅम रेडिओचा परवाना मिळवला होता. संध्याकाळी कामावरून आले की चहा घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि टकटक टकटक करत कुठल्याशा परक्या माणसाशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे. शेजारच्या रॉबर्टशी महिनाभर बोलायचे नाहीत, पण मद्रासला पाऊस पडतोय का याची यांना काळजी!

मग कधीतरी त्यांच्या कानावर आलं की कुठे वादळात टेलिफोनच्या तारा पडल्या तेव्हा असेच हौशी रेडिओवाले सामान पाठीला मारून गेले आणि त्यांनी लोकांचे निरोप पोचवले. झालं. तेव्हापासून पिशवी.

"वेळ आली की पाच मिनिटांत घराबाहेर पडता आलं पाहिजे," म्हणाले.

"वेळ आलीच आहे," मी म्हटलं. "स्वयंपाकघरातलं कौल तीन आठवडे गळतंय."

पिशवी होती माझ्या सासूबाईंची. कार्मिन त्यांचं नाव. तीस वर्षं त्या याच जाड कापडी पिशवीतून केळी आणि भाजी मुंबईला नेत होत्या. त्या गेल्यावर दुसऱ्या कोणी ती पिशवी आठवण म्हणून पेटीत ठेवली असती. यांनी तिच्यात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात स्वतः बनवलेला छोटा सेट घातला. मग मोटारसायकलची बॅटरी, संदेश ठोकायची कळ, दोरी, वही, तासलेल्या पेन्सिली, प्लास्टिकचा कागद, चणे-गूळ, एक सदरा-लेंगा असं काय काय. आणि तांब्याची तार. ती दोन झाडांच्या मध्ये टांगायची. मधोमध जोड, दोन बाजूंना तेहतीस-तेहतीस फूट. लांबीत फरक पडला तर सेट नुसता तापतो आणि आवाज अंगणाबाहेर जात नाही, हे मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी झोपेतही सांगितलं असतं.

गावात त्या पिशवीला नाव पडलं, प्लासिडची पळून जायची पिशवी. अर्नाळ्याची सालोमी माझ्याकडे एक दिवसाआड मासळी घेऊन यायची. टोपली उतरवता उतरवता ती दारामागे बघायची नि म्हणायची, "बाई, सांबालून हां. भाऊंची पिशवी तयार हाय. तुमी लय बोलता, एक दिवस जातील पलून."

"जाऊ देत," मी म्हणायचे. "तू आधी हे पापलेट कधीचं ते सांग."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमध्ये मिस्सा ऐकून आलं की पिशवीची तपासणी. प्लासिड खुर्चीत यादी घेऊन बसायचे, पिशवी माझ्यासमोर. ते वाचणार, मी आत बघणार आणि "आहे" म्हणणार. पहिले दोन-तीन महिने मी खरंच बघितलं. पुढे काय झालं, की त्यांचा सूर अगदी लितानीत संतांचं एकेक नाव घेणाऱ्या पाद्रीबाबांसारखा. "बॅटरी?" "आहे." "कळ?" "आहे." "टॉर्च?" "आहे." लहानपणापासून चर्चमध्ये लितानीला "आम्हांसाठी विनंती कर" म्हणत आलेली बाई मी, हात भाजी निवडतात आणि तोंड आपोआप उत्तर देतं. तसंच इथे. मी लसूण सोलत "आहे, आहे" म्हणत गेले, आणि यांचा माझ्यावर एवढा विश्वास की यांनी कधी उठून पाहिलं नाही.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे सगळा गाव दफनभूमीत असतो. थडगी धुवायची, फुलांनी सजवायची, मेणबत्त्या लावायच्या, मग फादर येऊन प्रत्येक थडग्यावर पवित्र पाणी शिंपडतात. सासूबाईंसाठी मी दरवर्षी कामट्यांचा क्रूस करून त्यावर झेंडू बांधायचे. बांधायला केळीच्या खोडाचं भिजवलेलं सोपट, जसं आमच्याकडे सगळेच वापरतात. पण आदल्या वर्षी माझी गाठ सुटली आणि फादर यायच्या आत क्रूसाचा एक हात गळून पडला. माझी नणंद फ्लॉसी सगळ्यांसमोर म्हणाली, "आईला सगळं कसं घट्ट लागायचं, नाही?"

ते मला झोंबलं. अगदी आतपर्यंत झोंबलं. तर त्या वर्षी मी पिशवी उघडली, मेणबत्त्या काढल्या, आणि समोर ती तार दिसली. चकचकीत, लवचिक, तीन वर्षं निजून राहिलेली. मी एका टोकाची बारा फूट कापली. असा बांधला क्रूस, की हत्ती आला तरी हलला नसता! फ्लॉसी दोनदा हलवून बघून गप्प बसली.

पाचव्या दिवशी पहिला रविवार. "तार?" प्लासिडनी विचारलं. जीभ जराशी अडखळली, खोटं कशाला सांगू? पण मनात म्हटलं, पुढच्या आठवड्यात आणून जोडू, कोणाला कळतंय. "आहे," म्हटलं.

आणि मंगळवारी वादळ आलं.

रात्रभर वाऱ्याने घर हादरवलं. सकाळी पाऊस थांबला, पण वारा चालूच. मागचा माड पडला होता, तो नेमका विजेच्या तारांवर आणि प्लासिडच्या घरच्या एरियलवर. सगळं एकात एक गुंतलेलं, जवळ जायची सोय नाही. वीज गेलेली, पोस्टातला फोन मुका. आम्ही अंगणात उभे होतो तेवढ्यात सालोमी आली. डोक्यावर टोपली नव्हती. सालोमीला टोपलीशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. अर्नाळ्याहून चालत आली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"भाऊ," ती माझ्याकडे न बघता प्लासिडना म्हणाली, "आमच्या चौदा होड्या भायेर हायेत. माजे दोगे पोर, गॅब्रिएल नि व्हॅलेरियन, वेलंकनी होडीवर हायेत. चार दिस झाले. कोन काय सांगत न्हाय. तुमचा तो टकटक डबा काय सांगंल का?"

मी तिला आत घेतलं, कोरडा टॉवेल दिला. प्लासिडनी पिशवी खाली काढली. पाच मिनिटांत निघायचं म्हणजे निघायचंच, पण हा माणूस असा की निघण्याआधी तार हातांनी मोजणार. दोन्ही हात पसरून एक वाव, म्हणजे त्यांचे साडेपाच फूट, मग दोन वाव. एका बाजूचे सहा वाव भरले. दुसऱ्या बाजूचे जेमतेम चार झाले आणि तार संपली. त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा चारच.

 माझ्याकडे बघितलं फक्त. ओरडले असते तर मी उलटून काहीतरी बोलले असते, तशी माझी तयारी असते. पण त्या बघण्यापुढे मला उभं राहवेना.

"मी कापली," मी म्हटलं. "रविवारी आहे म्हटलं, तेव्हा नव्हती."

आता तुम्ही म्हणाल, रेडिओवाल्याच्या घरात दुसरी तार नाही? होती हो, डबाभर होती. गेल्या पावसाळ्यात मी ती भंगारवाल्याला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं होतं. दुकानं सगळी बंद. सालोमी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. तिला तारेतलं काही कळत नव्हतं, पण काहीतरी अडलंय एवढं कळलं, आणि ती उंबऱ्यात मटकन खाली बसली. त्या क्षणी मला माझी इतकी लाज वाटली की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कुठे आहे कापलेली?" प्लासिडनी विचारलं.

"आईजवळ."

त्यांना कळायला एक क्षण लागला. मग म्हणाले, "चल."

रॉबर्टचा टेम्पो होता. एरवी न बोलणारा रॉबर्ट एका शब्दाने आला. सालोमीला पुढे बसवलं आणि आधी दफनभूमी गाठली. वाऱ्याने सगळी थडगी धुऊन पुसून ठेवल्यासारखी झाली होती. फुलं, कामट्या, मेणबत्त्या, सगळं कुंपणाला जाऊन चिकटलं होतं. एक क्रूस तेवढा ताठ उभा होता, माझा.

प्लासिड फाटकातच थांबले. "मला नाही जमणार, क्लेमी. आईच्या डोक्यावरून कसं ओढून काढू?"

म्हणून मी गेले. चिखलात गुडघे टेकले आणि तार उलगडू लागले. सासूबाईंचा स्वभाव तुम्हाला सांगते, त्या वस्तू द्यायच्या नाहीत असं नाही, पण साधी पळी उसनी नेली तरी परत येईपर्यंत दारात उभ्या राहायच्या. मला ते आठवलं आणि एकदम रडूच फुटलं. "आई, नेते हां थोडा वेळ," मी मोठ्याने म्हटलं. "सालोमीची पोरं आहेत बाहेर. परत आणून देते. शप्पथ परत आणून देते." शेवटचे झेंडू माझ्या मांडीवर पडले आणि तार हातात आली.

अर्नाळ्याला किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता.  प्लासिडनी तार दगडावर घासून जोडली, पीळ दिला, मोजली. सहा वाव. कोळ्यांनी बोंबील वाळवायचे बांबू उपटून एकाला एक बांधले, डोलकाठी उभी करावी तशी दोन्ही टोकं वर चढवली. वाळूलगतच्या शाळेच्या ओट्यावर पत्र्याचा डबा उघडला, आणि माझा नवरा, ज्याला कचेरीत साहेबासमोर तोंड उघडायला भीती वाटते, तो तीनशे लोकांसमोर बसून शांतपणे टकटक करू लागला.

पाऊण तास काहीच नाही. वारा आला की मी बांबू धरायचे आणि मनात म्हणायचे, लाग रे बाबा, लाग. मग त्यांनी हात वर केला. उत्तरेकडच्या उंबरगावचे एक डॉक्टर, तेही असेच हौशी, त्यांचं उत्तर आलं. तिथल्या खाडीत बऱ्याच होड्या शिरल्यात, कंपाउंडरला होड्यांची नावं आणायला पाठवतो म्हणाले.

दीड तासाने नावं आली. प्लासिड एकेक अक्षर वहीत उतरवत होते आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचून ओरडत होते. नाव घेतलं की गर्दीतून एक हंबरडा उठायचा, आनंदाचा. अकरा झाली. मग डॉक्टरांनी आणखी दोन पाठवली. तेरा. वेलंकणी नाही. डॉक्टर म्हणाले, आता एवढीच.

सालोमी माझ्या पायाशी बसली होती. रडत नव्हती. माझ्या साडीचा काठ तिने मुठीत धरला होता, आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला नाही.

"थांबा म्हणतायत," प्लासिड एकदम म्हणाले. पेन्सिल चालू लागली. व्ही. ई. एल. तिसऱ्या अक्षराला मी किंचाळले. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या होडीने दोरीने ओढत आणली, आत्ताच खाडीत आली, पाचही माणसं धड आहेत. हे सगळं मी सांगितलं की नाही मला आठवत नाही. सालोमीने मला मिठी मारली, आम्ही दोघी वाळूत पडलो, एवढं आठवतं. मासळीवरून दहा वर्षं भांडलेल्या बायका आम्ही.

घरी येताना प्लासिड टेम्पोत म्हणाले, "पुढच्या वेळेपासून मी पिशवीत बघेन, तू यादी वाच."

"ओरडा की मला," मी म्हटलं. "असं गोड बोलू नका, त्रास होतो."

"ओरडलो असतो. पण इतकी घट्ट बांधलीस म्हणून ती तार तरी जागेवर राहिली."

पुढच्या रविवारी त्यांनी नवी तार आणली, मोजून पिशवीत घातली. मी भिजवलेलं सोपट आणि झेंडू घेतले आणि आम्ही दफनभूमीत गेलो. सालोमी मेणबत्ती घेऊन आधीच येऊन बसली होती, मागे तिचे दोन्ही मुलगे, टोप्या हातात धरून. मी सोपट सोडायला लागले तसा प्लासिडनी खिशातून तो बारा फुटांचा तुकडा काढला आणि पक्कड काढली.

"अहो, ही कशाला? पिशवीत जादा राहू दे."

"परत आणून देते म्हणालीस ना? मी फाटकात होतो, बहिरा नव्हतो." आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी आईचा क्रूस बांधला, टोकांना पकडीने पीळ दिला.

डिसेंबरचा पहिला रविवार. यादी माझ्या हातात, पिशवी त्यांच्यासमोर. मी वाचत गेले, ते एकेक वस्तू उचलून बघत "आहे" म्हणत गेले. शेवटी त्यांच्या बारीक अक्षरात एक नवी ओळ होती, ती मी आधी पाहिली नव्हती.

"जादा तार, बारा फूट," मी वाचलं आणि थांबले.

त्यांनी पिशवीत हातही घातला नाही. "आईजवळ," म्हणाले. "पुढे वाच."

पुढे काही नव्हतं.