हडंब्याला थांबवणारा मंत्र

कुंभार पिंपळगावच्या बाजारातही जमत नाही एवढी माणसं त्या दिवशी अप्पारावाच्या खळ्यावर जमली होती. मी थापाडा माणूस. माझ्या गोष्टीत उंदीर बैलगाडी ओढतो. पण मंत्र घालणाऱ्या मच्छिंद्र महाराजांपुढं आपण अगदीच कच्चे.

अप्पारावाच्या हडंब्यानं, म्हणजे ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणीयंत्रानं, दोन हंगामांत तीन बायांचे हात खाल्ले होते. महाराज म्हणाले, "यंत्रात जोगीण बसली हाय. तिला इंजिनाची भाषा कळत न्हाई, आपली कळती!" चालू हडंब्यापुढं उभं राहून त्यांनी मोरपिसांचा कुंचा वर केला. मंत्र सुरू झाला, चढावरच्या जुन्या एसटीसारखा दम खात खात. शेवटी "थांब गं माय!" म्हणताच आतला ड्रम थांबला. ट्रॅक्टरचं इंजिन मात्र धडधडतच होतं! लोकांनी लोटांगणं घातली.

महाराज म्हणाले, "यंत्राला पेंढ्यांचा घास घालणाऱ्या बाईनं गंडा बांधायचा, उपास धरायचा, मंत्र पाठ करायचा. नखालाबी धक्का लागायचा न्हाई."

"महाराज, जोगीण डिझेल पिती का ताडी?" मी विचारलं.

लोक हसले. माझी सून द्वारका हसली नाही.

"मामा, तुम्हाला समदी मस्करीच. हडंब्याच्या तोंडापुढं मला उभं राहायचंय," ती म्हणाली, आणि तिनं गंडा बांधला.

पुढच्याच आठवड्यात गव्हाच्या ओल्या पेंढ्या तोंडाशी अडकल्या. द्वारकानं हातानं रेटल्या आणि बोटं आत ओढली गेली. ती ओरडून मंत्र म्हणत राहिली. हडंबा थांबला नाही. उजवा हात मनगटापासून जालन्याच्या दवाखान्यात ठेवून ती घरी आली.

"उपास मोडला असंल," बाया म्हणाल्या. महाराज म्हणाले, "एक अक्षर चुकलं की जोगीण खवळती."

द्वारका कोपऱ्यात बसून मंत्र पुटपुटायची. "मामा, कुठं चुकलं असंल वो?"

मला एकही थाप सुचेना.

शाळेतल्या सत्यशीला मॅडम तिला भेटायला आल्या, तेव्हा हे सारं त्यांच्या कानावर गेलं. त्या तडक खळ्यावर गेल्या; महाराज भक्तांसह तिथंच होते. "महाराज, मोकळा हडंबा चालवू. पुन्हा थांबवून दाखवा."

भक्तांनीच आग्रह धरला. मॅडमनी आधी ट्रॅक्टरवरच्या भिवाला पाठ फिरवून बसायला लावलं. महाराजांनी कुंचा वर केला, मंत्र म्हटला, परत म्हटला, घसा बसला. ड्रम गरगरतच राहिला. मग भिवाला तोंड वळवायला सांगितलं. कुंचा वर गेला, मंत्र संपता संपता ड्रम थांबला.

"भिवा, पाय कुठंय तुझा?"

भिवानं मान खाली घातली. "क्लचवर. कुंचा वर झाला की दाबायचा, म्हणल्ते महाराज. ड्रमला थांबायला येळ लागतो, तवर मंत्र चालतो."

"मग द्वारकाबाईंच्या वेळी?"

"दिसल्याच न्हाईत वो! भुसाचा ढीग आडवा, इंजिनाचा आवाज..."

मॅडमनी बंद हडंब्याच्या तोंडात स्वतःचा हात घातला. बोटं दात्यांना टेकली. "तोंड आखूड आहे. दिवसभर राबलेली बाई अडकलेली पेंढी हातानंच रेटणार, तुम्ही-आम्हीही रेटू. थांबवायची सोय पलीकडं, ज्याला ती दिसत नाही त्याच्या पायाखाली. महाराजांकडं बघायला एक माणूस नेमला होता, हाच चमत्कार. तिच्याकडं बघायला कुणी नेमलं नव्हतं."

गर्दीच्या मागं द्वारका पदराखाली हात घेऊन उभी होती.

"म्हंजी माझा मंत्र बराबर होता?"

"बरोबर होता, बाई. ऐकणारं कुणी नव्हतं."

हात गेला तेव्हा न रडलेली माझी सून तिथं मटकन खाली बसून रडली. महाराज कधी पसार झाले, कुणी पाहिलं नाही.

बाबांनो, हडंब्याला हार खुशाल घाला. पण त्याचं तोंड हातापेक्षा लांब करून घ्या, आणि बंद करायचा दांडा घास घालणारीच्या हाताशी बसवा. माणूस थकतं, घाई करतं, चुकतं. हे धरूनच यंत्र बांधायचं असतं. आणि जिचा हात गेला, तिला तिची चूक विचारू नका.