तोंडाबाहेरची नऊ मिनिटं

डॉक्टरांनी चाळीस वर्षं लोकांचे दात काढले आणि त्यातली सव्वीस वर्षं ते दात त्यांची मदतनीस म्हणून मी ट्रेमधून बादलीत टाकले. मुळापर्यंत उभा चिरलेला दात दिसला की त्यांचा निकाल ठरलेला: काढा. कुणी कितीही गयावया केली तरी तो बदलायचा नाही.

आणि मग त्यांचाच सुळा चिरला. त्याच्या आधारावर तीन दातांचा पक्का बसवलेला नकली ब्रिज होता, म्हणजे सुळा गेला की कवळी. अर्ध्या गावाला कवळ्या बसवलेला हा माणूस स्वतःच्या कवळीचं नाव निघताच तोंड फिरवून बसला. दोन दिवस धड जेवला नाही.

दवाखाना आता त्यांची लेक चालवते. ताई म्हणाल्या, "बाबा, मी दात बाहेर काढते, चिकटवते आणि परत जागेवर बसवते."

"कपबशी आहे का ती?"

"टिकेलच असं नाही. पण कवळी कुठं पळून जात नाही."

डॉक्टर उठून खुर्चीकडे गेले. ब्रिज उतरवून झाल्यावर ते खुर्चीत आडवे झाले आणि डोळे गच्च मिटून घेतले.

भूल चढली. एरवी दात उपटतात. ताईंनी तो झोपलेल्या बाळाखालची चादर काढावी तसा काढला. मुळावर वरपासून खालपर्यंत केसाएवढी रेघ होती. माझा हात सवयीने पुढे गेला, कापसाने पुसायला.

"मावशी, पुसू नका." आवाज चढला नव्हता, तरी मी हात मागे घेतला. "मुळावरचं ते ओलं आवरण जिवंत आहे. तेच हाडाला धरतं. ते मेलं तर सगळं फुकट."

इतकी वर्षं मी जिवंत वस्तू पुसत आले होते, आणि वर स्वच्छतेची शेखी मिरवत होते.

मी मुळावर सलाइनचे थेंब सोडत राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मिनिटं सांगत राहिले. ताईंनी भिंगातून बघत रेघ कोरून साफ केली, तिच्यात दातांचं सिमेंट भरलं, ते घट्ट व्हायला निळा दिवा धरला. डॉक्टरांच्या तोंडात खड्डा होता, त्यांचा दात ताईंच्या चिमट्यात होता, आणि तरी तो त्यांचाच होता. हे मला अजून नीट उमगलेलं नाही. नवव्या मिनिटाला सुळा आपल्या जागी गेला आणि ताईंनी तो शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधला.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. मुळाभोवती आधीच्या एक्स-रेत झिजलेल्या हाडाची काळी सावली होती, तिथं हाड भरून आलं होतं. चिरलेल्या दाताला हाडाने परत जवळ केलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी तो एक्स-रे उजेडाकडे धरून ठेवला.

"बाई, असे किती टाकायला लावले मी तुम्हाला?"

"तेव्हा दुसरा इलाज नव्हता, डॉक्टर."

"होता की नव्हता, मी कधी शोधलंच नाही." मग ते लेकीकडे वळले. "माझ्या वेळी मी डोळे मिटून घेतले गं. असा चिरलेला दात घेऊन पुढचा कुणी आला की मला बोलव. बाजूला उभा राहून बघेन. काही बोलणार नाही."